साईट दिसतेय पण लॉगिन होत नाहीये? फुगलेला आणि लॉक झालेला डेटाबेस समजून घेऊया

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची वेबसाईट मी गेली सहा वर्षं सांभाळते. वर्डप्रेसवर, म्हणजे साईट बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर, केलेली साधी साईट आहे, नवीन पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेच्या तारखा, मुलांच्या शिबिराचे फोटो, झालंच तर जुन्या सभासदांनी लिहिलेले लेख. एका सोमवारी सकाळी आमच्या ग्रंथपाल काकांचा फोन आला, "अगं, पासवर्ड बरोबर टाकतोय, तो चुकलाय असंही म्हणत नाही, पण फिरून फिरून परत तेच लॉगिनचं पान येतंय." मी मोबाईलवर साईट उघडली तर साईट अगदी व्यवस्थित दिसत होती. मीही लॉगिन करून बघितलं, माझंही तेच. मग मेलमध्ये होस्टिंगवाल्यांचा निरोप सापडला, रात्री कधीतरी आलेला, की तुमचा डेटाबेस ठरलेल्या १ जीबीच्या पुढे गेलाय म्हणून लॉक केलाय.

महिन्यापूर्वी तोच डेटाबेस ६० एमबीच्या आसपास होता. मधल्या काळात आम्ही टाकले होते चार लेख आणि एक पुस्तकयादी.

हे अनेकांच्या बाबतीत होतं, शाळेची साईट, पतसंस्थेची साईट, एखाद्याचा स्वतःचा ब्लॉग, आणि झालं की माणूस घाबरतो आणि घाबरला की जे दिसेल ते डिलीट करायला लागतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. डेटाबेस फुगला म्हणून कुणाचे लेख जात नाहीत, घाईत चुकीचं टेबल पुसलं म्हणून जातात. म्हणून हा लेख.

## डेटाबेसात असतं तरी काय

किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. माल गोदामात असतो आणि हिशोब वहीत असतो. वेबसाईटचंही तसंच, फोटो, पीडीएफ, व्हिडिओ या फाईली सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, ते गोदाम. लेखांचा मजकूर, कमेंट, सभासदांची नावं, साईटच्या सेटिंग हे सगळं डेटाबेसात, ती वही. त्यामुळे "मी मोठे फोटो टाकले म्हणून डेटाबेस भरला असेल" ही शंका पहिल्यांदा काढून टाका, वर्डप्रेसमध्ये फोटोची फाईल वहीत नसतेच, वहीत फक्त तो कुठे ठेवलाय त्याची नोंद असते.

दोन शब्द लागतील. टेबल म्हणजे वहीतला एक वेगळा विभाग, जसा उधारीचा, रोखीचा. रो म्हणजे त्यातली एक ओळ. बस.

वहीला हात लावायची परवानगी फक्त मुनीमजींना, आणि वर्डप्रेसचे मुनीमजी म्हणजे मायएसक्यूएल किंवा त्यातूनच निघालेलं मारियाडीबी. जाता जाता सांगते, मायएसक्यूएलमधलं 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे, ते बनवणाऱ्या मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं ते नाव आहे आणि मारिया हे धाकट्या मुलीचं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता काकांच्या लॉगिनचं कोडं. साईटचं पान दाखवायला वही नुसती वाचावी लागते. पण लॉगिन करायला वहीत लिहावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुम्ही बरोबर पासवर्ड टाकला की वर्डप्रेस युजरमेटा नावाच्या टेबलात एक टोकन लिहून ठेवतं, की या माणसाला आत घेतलंय, आणि पुढच्या प्रत्येक पानावर ते टोकन तपासतं. लिहायलाच बंदी असेल तर टोकन लिहिलं जात नाही, पुढच्या पानावर ते सापडत नाही, आणि तुम्हाला परत दारात आणून उभं केलं जातं. पासवर्ड चुकल्याचा मेसेज येत नाही कारण पासवर्ड खरंच बरोबर असतो. साईट दिसतेय पण लॉगिन, कमेंट, फॉर्म काहीच चालत नाहीये अशी अवस्था असली की पासवर्ड बदलत बसू नका, डेटाबेसकडे बघा.

## मराठीत लिहितो म्हणून जागा जास्त लागते का?

हा प्रश्न मला काकांनीच विचारला आणि तो चांगला प्रश्न आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाईट घेतं, रोमन अक्षर १ बाईट. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाईट. म्हणजे जागा जास्त लागते हे खरंच.

पण हिशोब करून बघा. हजार शब्दांचा मराठी लेख साधारण १७-१८ केबी होतो. असे हजार लेख म्हणजे १८ एमबी. १ जीबी भरायला पन्नास हजारांच्या वर लेख लिहावे लागतील, तेवढं कुठलंच वाचनालय लिहीत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीचा भार खरंच जाणवतो. लेखाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मराठीत असेल तर तो साठवताना प्रत्येक बाईटचं टक्के चिन्ह लावून तीन अक्षरांत रूपांतर होतं, म्हणजे एका मराठी चिन्हाला ९ बाईट आणि 'मराठी' या एका शब्दाला ४५. एरवी याने काही बिघडत नाही. पण तुमच्याकडे "कोण कुठल्या पानावर आलं" याची नोंद ठेवणारं प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) असेल तर तो लांबलचक पत्ता प्रत्येक भेटीला एकदा लिहिला जाऊ शकतो, आणि मग आकडा वाढत जातो.

## मग एवढं लिहितं कोण?

माणसं लिहीत नाहीत, प्रोग्राम लिहितात. डेटाबेस एकाएकी फुगतो तेव्हा जवळजवळ नेहमीच एखादा प्रोग्राम न थांबता नोंदी करत असतो आणि त्या नोंदी पुसायचं काम मात्र बंद पडलेलं असतं. ही जोडी लक्षात ठेवा, लिहिणं चालू आणि पुसणं बंद.

वर्डप्रेसचं स्वतःचं एक टेबल आहे, ऑप्शन्स. त्यात साईटच्या सगळ्या सेटिंग असतात, पण त्यातच 'ट्रान्झियंट' नावाच्या तात्पुरत्या नोंदीही असतात. एखादं गणित करायला वेळ लागतो, मग प्लगइन त्याचं उत्तर तासाभरासाठी लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या माणसासाठी परत करायला नको, तेच हे. मुदत असलेली अशी एक नोंद म्हणजे टेबलात दोन ओळी, एक उत्तराची आणि एक मुदतीची. आणि मुदत न घालता लिहिलेली नोंद तर आणखी त्रासदायक, ती आपोआप प्रत्येक पानाबरोबर मेमरीत ओढली जाते, तुम्हाला त्या पानावर लागो न लागो. वर्डप्रेस ६.६ पासून साईट हेल्थच्या पानावर अशा आपोआप ओढल्या जाणाऱ्या ऐवजाचं वजन साधारण ८०० केबीच्या वर गेलं की इशारा मिळतो, तो इशारा मनावर घ्या.

मग लॉगची टेबलं. सुरक्षेचं प्लगइन प्रत्येक चुकलेल्या लॉगिनची नोंद करतं, आकडेवारीचं प्लगइन प्रत्येक भेटीची, फॉर्मचं प्लगइन आलेल्या प्रत्येक अर्जाची, त्यात स्पॅमही आलं, आणि मेल पाठवणारं प्लगइन तर कधीकधी मेलचा अख्खा मजकूर ठेवतं. वूकॉमर्सचं, म्हणजे वर्डप्रेसवरचं ऑनलाईन दुकान असेल तर ॲक्शन शेड्युलर नावाची व्यवस्था पार पडलेल्या प्रत्येक कामाची नोंद महिनाभर सांभाळते, आणि दुकान चालतं असेल तर महिन्याभरात त्याच लाखोंनी होतात. तुंबलेल्या स्पॅम कमेंटही यातच, ॲकिस्मेट हे स्पॅम अडवणारं प्लगइन १५ दिवसांनी त्या साफ करतं पण मॉडरेशनमध्ये अडकून पडलेल्या कमेंट तशाच राहतात.

आणि रिव्हिजन. लेख प्रत्येक वेळी सेव्ह केलात की वर्डप्रेस त्याची अख्खी जुनी प्रत जपून ठेवतं आणि किती ठेवायच्या याला मुळात मर्यादा नसते. वर काढलेले १८ एमबी आठवा, प्रत्येक लेखाच्या वीस प्रती असतील तर तेच ३६० एमबी होतात. पण रिव्हिजनने डेटाबेस हळूहळू सुजतो, वर्षानुवर्षं. महिन्याभरात पंधरापट झाला असेल तर रिव्हिजनवर आळ घेऊ नका.

## आमच्याकडे काय झालं होतं

आमच्या साईटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर होतं, महिन्याचं पान, खाली 'पुढचा महिना' अशी लिंक. माणूस फार तर दोन महिने पुढे जाऊन बघतो. पण इंटरनेटवर आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, सर्च इंजिनचे आणि आता एआयसाठी मजकूर गोळा करणारेही, ते दिसेल त्या लिंकवर जातात, आणि 'पुढचा महिना' ही लिंक कधी संपतच नाही. एक बॉट २०९० सालापर्यंत पोचला होता. प्रत्येक महिना, त्यातला प्रत्येक दिवस, त्यावर मुलांचे कार्यक्रम, मोठ्यांचे कार्यक्रम असे फिल्टर, सगळ्यांचे पत्ते वेगळे, आणि कॅलेंडरचं प्लगइन प्रत्येक पत्त्यासाठी एक ट्रान्झियंट लिहीत होतं. एक नोंद ४ केबीची धरली तरी दोन लाख नोंदींचे ८०० एमबी होतात.

पण या नोंदींना एका दिवसाची मुदत होती, मग त्या पुसल्या का गेल्या नाहीत? वर्डप्रेस ४.९ पासून मुदत संपलेले ट्रान्झियंट रोज एकदा साफ करतं. हे रोजचं काम क्रॉन नावाच्या व्यवस्थेतून होतं आणि वर्डप्रेसचा क्रॉन म्हणजे घड्याळ नाही, कुणीतरी साईटवर आलं की त्या निमित्ताने "काही काम राहिलंय का" असं तो बघतो. वेग वाढावा म्हणून अनेक जण तो बंद करतात आणि त्याऐवजी सर्व्हरचा खरा क्रॉन लावतात, आमचाही तसाच होता. दोन महिन्यांपूर्वी आमची साईट नव्या सर्व्हरवर हलवली, फाईली आल्या, डेटाबेस आला, सर्व्हरच्या क्रॉनची नोंद तेवढी आली नाही. म्हणजे झाडू मारणारा माणूस जुन्या घरीच राहिला. साईट हलवली असेल किंवा कॅशिंगचं, म्हणजे तयार पानाची प्रत ठेवून तीच दाखवणारं, प्लगइन नवीन टाकलं असेल तर हे आधी तपासा, कारण पूर्ण पान कॅशमधून जायला लागलं की वर्डप्रेस जागंच होत नाही आणि क्रॉनही अडतो.

## 'लॉक' हा शब्द एकच, पण गोष्टी तीन

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून बघू.

पहिला लॉक होस्टिंगवाल्यांचा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साईट असतात, एकाने जागा खाल्ली तर सगळे अडचणीत, म्हणून मर्यादा ओलांडली की ते तुमच्या डेटाबेस युजरची लिहिण्याची परवानगी काढून घेतात. एरर लॉगमध्ये 'इन्सर्ट कमांड डिनाईड', म्हणजे नवी ओळ लिहायला मनाई, असं काहीतरी दिसतं. वाचायची आणि बऱ्याचदा पुसायचीही परवानगी तशीच ठेवलेली असते, मुद्दामच, तुम्हाला साफसफाई करता यावी म्हणून. आमचा लॉक हा होता.

दुसरा लॉक मुनीमजींचा स्वतःचा, आणि तो रोगच नाही. दोन गिऱ्हाईकं एकाच वेळी एकाच खात्यावर नोंद करायला आली तर मुनीमजी एकाला थांबवणारच, नाहीतर हिशोब चुकेल. एवढंच की आताचं इनोडीबी नावाचं इंजिन शक्यतो एक ओळ अडवतं आणि जुनं मायआयसॅम अख्खं टेबल अडवतं. मायएसक्यूएल ५.५ म्हणजे २०१० पासून इनोडीबीच डिफॉल्ट आहे, पण त्याआधीच्या साईट हलवत हलवत आणल्या असतील तर त्यांच्यात मायआयसॅमची टेबलं आजही सापडतात. इनोडीबीत एखाद्या ओळीसाठी ५० सेकंद वाट बघूनही नंबर लागला नाही तर 'लॉक वेट टाईमआऊट' म्हणून काम सोडून दिलं जातं.

टेबल फुगलं की हा लॉक त्रास द्यायला लागतो. लहान टेबलात जी साफसफाई क्षणात होते ती वीस लाख ओळींच्या टेबलात काही मिनिटं चालते, तेवढा वेळ त्या ओळी अडकलेल्या, मागे रांग, रांगेतल्या प्रत्येकाने एक एक कनेक्शन धरून ठेवलेलं, आणि कनेक्शनची मर्यादा संपली की साईटच बंद. रात्रीचा बॅकअपही तसाच, डेटाबेस मोठा म्हणून बॅकअपला वेळ, आणि बॅकअप टेबलं लॉक करून घेत असेल तर तेवढा वेळ लिहिणं बंद.

यातलाच एक पोटप्रकार फसवा आहे. टेबलाची रचना बदलायची असेल तर मुनीमजींना ते टेबल क्षणभर पूर्ण मोकळं लागतं. आधीची एखादी लांबलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, ते टेबल धरून बसली असेल तर बदल थांबतो, आणि त्या बदलाच्या मागे आलेले सगळे, नुसतं वाचणारेसुद्धा, थांबतात. याला मेटाडेटा लॉक म्हणतात आणि मायएसक्यूएलमध्ये यासाठी वाट बघायची डिफॉल्ट मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे अख्खं एक वर्ष! त्यामुळे "थोडा वेळ थांबू, आपोआप सुटेल" इथे चालत नाही, आधीची क्वेरी संपवावी किंवा मारावी लागते.

तिसरा प्रकार एसक्यूलाईटचा. काही छोट्या साईट आणि बरीच मोबाईल ॲप मुनीमजी ठेवतच नाहीत, वही म्हणजे एक साधी फाईल असते. तिथे एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि बाकीच्यांना 'डेटाबेस इज लॉक्ड' असा नेमका मेसेज येतो. वर्डप्रेसवाल्यांनी तो मेसेज गूगलवर टाकून सापडलेले उपाय आपल्या मायएसक्यूएलवर करायला जाऊ नये.

## सुरुवात कुठून करायची

पहिल्यांदा बॅकअप. लिहिणं बंद असलं तरी वाचणं चालू असतं, त्यामुळे होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपीमायॲडमिन, म्हणजे डेटाबेस बघायचं साधन, उघडून एक्सपोर्ट घेता येतं. फाईल मोठी होईल, होऊ द्या. ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि उघडून बघा की शेवटपर्यंत आलीये, मध्येच तुटलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच.

मग पीएचपीमायॲडमिनमध्येच डेटाबेसच्या नावावर क्लिक केलं की टेबलांची यादी येते, त्यात साईझचा कॉलम असतो, त्याच्या डोक्यावर क्लिक करून मोठ्यापासून लहान अशी लावा. बहुतेक वेळा एक किंवा दोनच टेबलं सगळी जागा खाऊन बसलेली दिसतात. ओळींचा आकडा इनोडीबीत अंदाजे असतो, दर वेळी थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका.

ते टेबल उघडून शेवटच्या पन्नास ओळी वाचा. अक्षरशः वाचा. नावात कुठल्या प्लगइनचं नाव आहे, तारीख-वेळ काय, दर मिनिटाला किती ओळी पडतायत. आमचं निदान या पन्नास ओळींतच झालं, प्रत्येकीत कॅलेंडर हा शब्द होता.

आता नळ बंद करा. पुसायच्या आधी. टाकी भरून वाहत असताना कुणी आधी फडकं घेत नाही. लॉगिन होत नसल्याने प्लगइन बंद कसं करणार? फाईल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते चालायचं थांबतं. डेटाबेसला हातही लागत नाही. सिक्युरिटीचं प्लगइन असेल तर मात्र ते किती वेळ बंद राहील ते बघून घ्या.

पुसताना फरक करा. निव्वळ लॉगचं टेबल असेल आणि त्यातलं काहीच नको असेल तर ट्रंकेट करा, ते टेबल रिकामं करून नव्याने बनवतं आणि जागा बहुधा तिथल्या तिथे मोकळी होते, पण ते परत फिरवता येत नाही. ऑप्शन्स टेबलावर ट्रंकेट कधीही, कधीही करू नका, त्यात साईटचा पत्ता आहे, थीम आहे, सगळ्या सेटिंग आहेत. तिथे फक्त ज्यांचं नाव 'अंडरस्कोअर ट्रान्झियंट अंडरस्कोअर' असं सुरू होतं त्या ओळी डिलीट करायच्या. आणि एक बारीक खड्डा, शोधताना 'लाईक' ही मिळतंजुळतं शोधायची अट वापरलीत तर अंडरस्कोअरचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर' असा होतो, म्हणून त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या आणि डिलीटच्या आधी तीच अट सिलेक्टवर, म्हणजे नुसतं वाचणाऱ्या आज्ञेवर, चालवून काय काय सापडतंय ते डोळ्याने बघा.

एकदम वीस लाख ओळींचा डिलीटही नको. काम अर्धवट राहिलं तर मागे फिरता यावं म्हणून मुनीमजी पुसलेल्या प्रत्येक ओळीची आधीची नोंद बाजूला ठेवतात, त्यामुळे प्रचंड मोठा डिलीट चालू असताना जागा उलट थोडी वाढू शकते, आणि तेवढा वेळ लॉकही धरलेले राहतात. पाच-पाच हजारांची मर्यादा घालून परत परत चालवा. कंटाळवाणं आहे पण साईट चालू राहते.

## सगळं पुसलं तरी साईझ तेवढीच कशी?

इथे लोक रडकुंडीला येतात, मीही आले होते. इनोडीबीत ओळी पुसल्या की टेबलाची फाईल लहान होत नाही. गोदामातली पोती विकली म्हणून गोदाम लहान होतं का? जागा रिकामी होते, पुढचा माल तिथेच बसतो, पण भाडं अख्ख्या गोदामाचं. होस्टिंगवाले फाईल मोजतात.

त्यासाठी ऑप्टिमाईझ टेबल. हे काय करतं तर उरलेल्या ओळींपुरतं नवीन छोटं गोदाम बांधतं, माल तिकडे हलवतं आणि जुनं पाडून टाकतं. म्हणून ते चालू असताना थोडी जादा जागा लागते, उरलेल्या मालाएवढी. चालवलं की 'हे टेबल ऑप्टिमाईझला सपोर्ट करत नाही, त्याऐवजी रिक्रिएट करतोय' अशा अर्थाचा मेसेज येतो. तो बघून अनेक जण काम झालं नाही समजून सोडून देतात. झालेलं असतं, इनोडीबीची ती नेहमीची भाषा आहे.

पण ऑप्टिमाईझ करायला इन्सर्टची परवानगी लागते आणि तीच तर काढून घेतलेली असते. आम्ही इथेच अडकलो. मग सपोर्टला लिहिलं की अमुक टेबलातल्या ओळी पुसल्यात, कारण सापडलंय, ते प्लगइन बंद केलंय, जागा परत मिळवायला ऑप्टिमाईझ चालवायचंय म्हणून काही तास परवानगी द्या. तासाभरात मिळाली. नुसतं "साईट बंद आहे, लवकर करा" असं लिहिण्यापेक्षा केलेलं काम लिहिलं की समोरचा माणूसही लगेच हलतो असा माझा अनुभव आहे. पॅनलमधला साईझचा आकडा मात्र लगेच बदलेलच असं नाही, तो ठराविक वेळानेच मोजला जातो.

## मोठा प्लॅन घेतला तर सुटेल का?

काही दिवसांपुरतं सुटेल. बॉट फिरतोय आणि नोंदी पडतायत तोवर २ जीबीही भरणार, ५ जीबीही भरणार, आणि तेवढ्या मोठ्या टेबलाची साफसफाई आताच्यापेक्षा कितीतरी अवघड. तुमचं दुकान खरंच वाढलंय, ऑर्डरींच्या ओळी वाढल्यात, तर मोठा प्लॅन अगदी योग्य. कुठल्या टेबलाने जागा घेतली ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका एवढंच म्हणणं आहे, वाचनालयासारख्या संस्थांना तेवढे पैसेही जड असतात.

## सफाईचं प्लगइन टाकलं तर?

लॉक असताना ते ॲक्टिव्हेटच होणार नाही, कारण ॲक्टिव्हेट करणं म्हणजेही ऑप्शन्स टेबलात लिहिणं. एरवी ती प्लगइन उपयोगी असतात, रिव्हिजन आणि ट्रान्झियंटसाठी मी वापरते. पण 'अनाथ टेबलं पुसा' असं बटण दिसलं तर हात आवरा. सध्या बंद ठेवलेल्या प्लगइनचं टेबलही त्याला अनाथच वाटू शकतं, आणि त्यात तुमच्या सभासदांचे अर्ज असू शकतात.

## हॅक झालंय का?

शंका घेणं बरोबर आहे. फुगलेलं टेबल लॉगचं किंवा ट्रान्झियंटचं असेल तर बहुतेक वेळा बॉटची गर्दी आणि बंद पडलेली साफसफाई एवढंच असतं. पण पोस्ट्सच्या टेबलात तुम्ही न लिहिलेले हजारो लेख असतील, युजर्समध्ये अनोळखी ॲडमिन असेल, तर तो वेगळा प्रकार, तिथे आधी साफसफाई न करता सगळं जसंच्या तसं जपून जाणकाराला दाखवा, पुरावा त्या ओळींतच असतो. चुकलेल्या लॉगिनच्या लाखो नोंदी म्हणजे कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय, आत शिरलंय असं त्यावरून ठरत नाही.

## नंतर आम्ही काय बदललं

सर्व्हरचा क्रॉन परत लावला, दर पंधरा मिनिटांनी. कॅलेंडर मागे-पुढे एक वर्षापुरतंच उघडेल असं केलं, त्यापुढच्या महिन्यांच्या लिंकच काढल्या. रोबोट्स फाईलमध्ये, म्हणजे बॉटसाठी सूचना लिहायच्या फाईलमध्ये, कॅलेंडरचे फिल्टरवाले पत्ते नको म्हणून लिहिलं, गुणी बॉट ते ऐकतात, बाकीच्यांसाठी लिंक काढणंच खरं कामाचं. रिव्हिजनची मर्यादा कॉन्फिग फाईलमध्ये पाचवर आणली. लॉग ठेवणाऱ्या प्रत्येक प्लगइनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'किती दिवस ठेवायचं' हे शोधून ३० दिवस केलं, दोन प्लगइनमध्ये तिथे 'कायम' असं होतं.

आणि काकांना पीएचपीमायॲडमिनमधला तो साईझचा कॉलम दाखवून ठेवला. आता दर महिन्याच्या एक तारखेला ते देवघेवीच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आकडा लिहितात, आणि मागच्यापेक्षा दहा एमबी जास्त दिसला की मला फोन करतात. या महिन्याचा आकडा ६३ आहे.